रुग्ण एनबीएम (तोंडानं काहीही द्यायचं नाही) असताना फिटच्या गोळ्यांऐवजी इंजेक्शन द्यायचं, तर डोस बदलावा लागतो का?

औषध कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं उत्तर त्यावरच आहे. लेव्हेटिरॅसिटाम असेल तर डोस तोच, वेळाही त्याच. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी ५०० चं इंजेक्शन, १०० मिली सलाइनमध्ये, १५ मिनिटांत. लॅकोसामाइड आणि ब्रिव्हॅरॅसिटामचाही डोस तोच. व्हॅल्प्रोएटचा दिवसभराचा एकूण डोस बदलत नाही, पण एकदाच घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी असेल तर इंजेक्शन सहासहा तासांनी विभागून द्यावं लागतं.

एवढं कुठेही वाचायला मिळेल. माझ्या अनुभवात घोळ डोसात फारसा होत नाही, मधल्या वेळेत होतो. गोळी बंद झालेली असते आणि इंजेक्शन अजून कुणी लिहिलेलंच नसतं.

सर्जिकल वॉर्डला माझी रात्रपाळी होती. आतड्याला पीळ पडलेला एक तरुण ऑपरेशन होऊन आला. लहानपणापासून फिटचा रुग्ण, लेव्हेटिरॅसिटाम आणि कार्बामाझेपिन चालू, कित्येक वर्षांत एकही फिट नाही. रेसिडेंटनं ट्रीटमेंट शीटवर ‘एनबीएम’ लिहिलं आणि तोंडानं द्यायच्या सगळ्या औषधांवर एक तिरकी रेघ ओढली. व्हिटॅमिन, अ‍ॅसिडिटीची गोळी, फिटच्या गोळ्या, सगळी एकाच रेघेत गेली. ओव्हर (पाळीचा ताबा) घेतानाच मला ते दिसलं. रेसिडेंटला फोन केला. “सिस्टर, एका रात्रीनं काही होत नाही, सकाळी राऊंडला बघू.” थोड्या वेळानं पुन्हा केला तर आवाज चढला. मी दोन्ही फोन वेळेसकट नोट्समध्ये लिहून ठेवले. (नव्या मुलींना मी हेच सांगते: बोललात ते लिहा.)

पहाटे फिट आली. पोटावर ताजे टाके आणि हातपाय झडतायत. लोराझेपाम दिल्यावर थांबली. तोवर तेच रेसिडेंट साहेब धावत आले आणि म्हणाले फेनिटॉइन (फिटचंच दुसरं औषध) लोड करा, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस द्या, तेही चालू असलेल्या डेक्स्ट्रोजमध्येच. मी सरळ नाही म्हटलं. ग्लुकोजमध्ये फेनिटॉइनचा साका होतो. त्याला नॉर्मल सलाइनच लागतं, वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या आत ठेवावा लागतो, आणि मॉनिटर लावल्याशिवाय द्यायचं नाही, कारण बीपी पडतं, ठोके बिघडतात. शिरेबाहेर गेलं तर हात जांभळा होऊन सुजतो ते वेगळंच.

आणि राऊंडला रेसिडेंटनं मोठ्या सरांना काय सांगितलं? भुलीमुळे फिट आली म्हणून!

लेव्हेटिरॅसिटाम सहा ते आठ तासांत निम्मं होतं. सकाळी आठला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी पहाटे जेमतेम आठवा हिस्सा उरते. हा हिशोब शाळेतलं पोरही करेल. फिटचं औषध म्हणजे अँटिबायोटिक नाही, की एक डोस तासभर पुढेमागे झाला तर चालून जाईल.

तेव्हा ‘डोस किती’च्या आधी विचारा, ‘शेवटची गोळी कधी घेतली आणि पुढची वेळ कधी आहे’. त्या वेळेला इंजेक्शन गेलं पाहिजे. साध्या ठरलेल्या ऑपरेशनला तर बहुतेक वेळा सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत घेऊ देतात, भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारून घ्या. एनबीएम जेवणासाठी आहे.

खरी अडचण कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, क्लोबाझमसारख्या औषधांची, ज्यांचं इंजेक्शन सहसा मिळतच नाही. कार्बामाझेपिनचं इंजेक्शन अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, त्याचा डोस तोंडानं घ्यायच्या डोसच्या ७० टक्के असतो, पण बहुतेक वॉर्डांनी ती व्हायल पाहिलेलीही नाही. मग तात्पुरतं दुसरं औषध न्यूरॉलॉजिस्टनंच ठरवायचं, आणि ते ऑपरेशनच्या आधी, पहाटे फिट आल्यावर नव्हे. लॅमोट्रिजिन बरेच दिवस बंद राहिलं तर जुन्या डोसवर एकदम परत जाता येत नाही. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो, म्हणून पुन्हा थोड्यापासून चढवावं लागतं. आणि रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) द्यायला म्हणून सावकाश विरघळणारी गोळी कुटू नका.

मी डॉक्टर नाही, हे आता सांगते. किडनी अधू असेल तर लेव्हेटिरॅसिटामचा डोस कमी करावा लागतो, तेव्हा वरचं ‘डोस तोच’ डोळे झाकून धरू नका. व्हॅल्प्रोएटवरच्या रुग्णाला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्यानं कोसळते, मग डोस बरोबर असूनही फिट येते. पोटाच्या ऑपरेशननंतर मेरोपेनेम कितीदा लिहिलं जातं ते तुम्हाला माहीत असेलच.

त्या रेसिडेंटच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच, की तसल्या आतड्यात गोळी दिली असती तरी तिचा भरवसा नव्हता. पण मी गोळी मागितलीच नव्हती. दोन्ही फोनवर इंजेक्शनच म्हटलं होतं, आणि लेव्हेटिरॅसिटामची व्हायल वॉर्डच्या कपाटात होती.