देवाला जीवन समर्पित केलं, असं म्हटल्यानंतर रोज नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती विश्वासात येऊन काही वर्षं झाली, उपासनेत 'प्रभू, मी स्वतःला पूर्ण तुझ्या हाती देतो' अशी प्रार्थना कितीतरी वेळा केली, त्या वेळी मन भरूनही आलं, पण दोन दिवसांत सगळं पूर्वीसारखंच. मग समर्पण, आज्ञापालन आणि देवाचं गौरव हे रोजच्या जगण्यात करायचं कसं?

तुमची प्रार्थना खोटी होती असं मला वाटत नाही. ती मोघम होती. 'सगळं तुझं' म्हणताना त्या 'सगळं'मध्ये काय काय येतं हे मोजलंच नाही, तर देवाच्या हाती काय गेलं आणि आपल्या मुठीत काय राहिलं ते कळत नाही. बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात येशूने दोन मुलांचा दाखला दिला आहे. एक मुलगा बापाला 'जाणार नाही' म्हणाला आणि नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला गेला. दुसरा 'जातो' म्हणाला आणि गेलाच नाही. बापाच्या मनासारखं कोणी केलं, एवढंच येशूने विचारलं.

समर्पण, आज्ञापालन आणि गौरव या तीन वेगवेगळ्या साधना नाहीत. समर्पण खरं की नाही हे पुढच्या आज्ञेपाशी कळतं, आणि ती आज्ञा कोणासाठी पाळली हे कौतुक होण्याची वेळ आली की कळतं. तिन्ही एकत्र पाहायचं असेल तर 1 शमुवेल 15 हा अध्याय सावकाश वाचा. इस्राएलचा राजा शौल याला संदेष्टा शमुवेलाच्या तोंडून अमालेकी लोकांचा गुराढोरांसकट नाश करण्याची आज्ञा झाली होती. ती वाचायला जड आहे आणि तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. इथे त्याने तिचं काय केलं तेवढं पाहू. जे टाकाऊ होतं त्याचा त्याने नाश केला. अमालेक्यांचा राजा अगाग आणि उत्तम मेंढरं-गुरं मात्र राखून ठेवली. मग शमुवेलाला स्वतःहून सांगितलं की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलाने विचारलं, मग हे मेंढरांचं बेंबें कसलं ऐकू येतंय? यावर शौलाचं उत्तर होतं की ती यज्ञासाठी ठेवली आहेत. म्हणजे राखून ठेवलेल्या वस्तूला त्याने भक्तीचं नाव दिलं. पुढे 24व्या वचनात खरं कारण बाहेर येतं: लोकांची भीती वाटली. आणि 12व्या वचनातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शमुवेल भेटायच्या आधीच शौलाने कर्मेल इथे स्वतःसाठी स्मारक उभारलं होतं. अर्धवट समर्पण, अर्धवट आज्ञापालन आणि स्वतःचं गौरव, तिन्ही एकाच माणसात. आपली अडचण ओळखायची असेल तर 'माझ्या घरात कुठली मेंढरं ओरडताहेत?' हा प्रश्न पुरेसा आहे.

सुरुवात कुठून करायची? आधी पाया. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात शरीर जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा अशी विनंती आहे, पण ते वाक्य 'म्हणून' या अर्थाच्या शब्दाने जोडलेलं आहे. त्यामागचे 11 अध्याय मुख्यतः देवाने काय केलं याचे आहेत. देवाने स्वीकारावं म्हणून आपण स्वतःला द्यायचं नाही. त्याने ख्रिस्तात स्वीकारलं आहे म्हणून द्यायचं. हा क्रम उलटला की समर्पणाची मजुरी होते. चांगला दिवस गेला की गर्व, वाईट गेला की देवापासून लपणं. तुम्हाला वाईट दिवशी प्रार्थना टाळावीशी वाटत असेल, तर हा क्रम उलटा झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.

मग एक तास काढा. फोन दुसऱ्या खोलीत, हातात कागद आणि पेन. स्तोत्र 139 मधली शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून म्हणा: हे देवा, माझं अंतःकरण तपासून पाहा. मग कागदावर सात शब्द लिहा: वेळ, पैसा, शरीर, जीभ, नाती, नाव, उद्या. प्रत्येकापुढे एक वाक्य, आणि ते करता येण्यासारखं हवं. 'माझा पैसा तुझा आहे' हे वाक्य चालणार नाही, कारण ते मोडलं की पाळलं हे कधीच ठरवता येत नाही. 'पैसे हाती आले की दानाचा भाग आधी बाजूला काढीन, उरलं तर देईन असं करणार नाही' हे चालेल. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 16:2) जवळजवळ हेच सांगितलं आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा. 'जीभ सांभाळीन' ऐवजी 'अमुक माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल जे बोलतो ते थांबवीन' असं लिहा. ज्या शब्दापुढे पेन अडतं तिथे खूण करा. राखून ठेवलेलं बहुधा तिथेच असतं.

सातही गोष्टी एकदम सुधारायला घेऊ नका. इथे बरेच जण घसरतात: पहिल्या आठवड्यात पहाटे उठणं, उपास, दान, सगळं एकदम, आणि तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही. खूण केलेली एकच गोष्ट महिनाभर धरा. नवसासारखी मोठी वचनंही देवाला देऊ नका. उपदेशक या पुस्तकाचा 5वा अध्याय सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा.

त्या अडलेल्या गोष्टीबद्दल प्रार्थना कशी करावी? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केली तशी. 'मला काहीच इच्छा नाही' असं तो म्हणाला नाही. आधी स्वतःची इच्छा उघड सांगितली: शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे पुढचं दुःखसहन, टळून जावो. मग 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. मत्तय 26 मध्ये दोन प्रार्थना शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या वेळी शब्द सरकले आहेत: हा प्याला मी प्यायल्याशिवाय टळणं शक्य नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि तिसऱ्यांदा तो तीच प्रार्थना करायला पुन्हा गेला. देवाच्या पुत्राला तीनदा जावं लागलं, तर आपलं एका प्रार्थनेत का आटपावं? नोकरी, लग्न, आजारपण, मूल, ज्याची भीती वाटते ते त्याच्या नावाने देवापुढे बोला. दाबून टाकलेली इच्छा समर्पित होत नाही, ती पुढे कडवटपणा होऊन बाहेर येते.

रोजचं वेळापत्रक साधं ठेवा. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ उचलण्याबद्दल बोलताना 'दररोज' हा शब्द आहे. मत्तय आणि मार्क यांच्या त्याच वचनात तो नाही. माझ्या मते नव्या विश्वासणाऱ्याने तो अधोरेखित करून ठेवावा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात: एक स्तोत्र प्रार्थना म्हणून वाचायचं, मग शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एक परिच्छेद. मार्कपासून सुरू करा; 16 अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर साधारण महिन्याभरात होतो. वाचून झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहा: आज काय करायचं, कोणाच्या बाबतीत, किती वाजेपर्यंत. 'मी अधिक प्रेमळ होईन' असं वाक्य आलं तर खोडा. 'दुपारच्या आत त्याला फोन करून कालच्या बोलण्याबद्दल क्षमा मागीन' असं लिहा. बायबलचा जुना भाग ज्या हिब्रू भाषेत आहे, तिच्यात 'शमा' या एकाच शब्दात ऐकणं आणि मानणं दोन्ही येतं. ऐकून काही न करणं म्हणजे त्या भाषेत अजून ऐकलेलंच नाही.

रात्री पाच मिनिटं तीच वही उघडा. झालं असेल तर आभार. नसेल तर कबुली, आणि कबुलीत पापाचं नाव घ्या. 'आज काही चुकलं असेल तर माफ कर' ही कबुली नव्हे. 'मी खोटं बोललो, कारण मला लाज वाटली असती' ही कबुली आहे. 1 योहान 1:9 मध्ये क्षमेचं अभिवचन पाप कबूल करणाऱ्याला दिलं आहे, सबब सांगणाऱ्याला नाही. दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं असेल तर देवाजवळची कबुली तिथेच थांबत नाही. जकातदार जक्कयाने लूक 19 मध्ये लुबाडलेलं चौपट परत करण्याचं म्हटलं, आणि मत्तय 5 मध्ये येशू वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. क्षमा मागताना 'पण तूही...' हे शब्द आले की ती क्षमा राहत नाही. घेतलेलं परत करायचं असेल तर रक्कम आणि तारीख सांगा.

'देवाची इच्छा कशी ओळखू?' हा प्रश्न आज्ञापालनात फार वेळ खातो. कुठली नोकरी, कुठलं शहर यासाठी लोक महिनोन्महिने चिन्ह मागतात, आणि देवाची इच्छा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या गोष्टी बाजूला राहतात: 1 थेस्सलनीकाकरांस 4:3 मध्ये पवित्रता, 5:18 मध्ये सर्व परिस्थितीत उपकारस्तुती. कळलेलं आधी करा. उरलेल्यासाठी प्रार्थना करा, प्रौढ विश्वासणाऱ्यांचा सल्ला घ्या, मग सरळ निर्णय घ्या. पौलाचा बिथुनिया प्रांतात जाण्याचा बेत प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये बदलला गेला, पण तो चालत होता तेव्हा. आणि 'देवावर सोपवलं' म्हणून हात बांधून बसू नका. यरुशलेमची भिंत बांधताना शत्रूंचा धोका होता तेव्हा नहेम्याने प्रार्थनाही केली आणि पहारेकरीही ठेवले (नहेम्या 4:9).

एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. देवाला समर्पण म्हणजे कुठल्याही माणसाला समर्पण नव्हे. पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, मान राखा, पण कोणी 'देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं' म्हणत पैसा, गुप्तता, नात्यांतून तोडून घेणं किंवा विचारशून्य होकार मागत असेल, तर थांबा. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं शिकवणंही रोज शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसा झाली. घरातली मारहाण सोसणं म्हणजे वधस्तंभ उचलणं असं कोणी सांगितलं तर ते मानू नका. वधस्तंभ ख्रिस्ताच्या मागे जाण्यासाठी आहे, दुसऱ्याचं पाप झाकण्यासाठी नाही. अशा वेळी सुरक्षित जागी जाणं, कायद्याची मदत घेणं यात अवज्ञा नाही.

आता गौरव. हिब्रू 'कावोद' या शब्दाच्या मुळाशी वजन आहे. देवाचं गौरव करणं म्हणजे आपल्या निर्णयांत त्याचं वजन दिसणं. 1 करिंथ 10:31 मधलं 'खा, प्या, काहीही करा, देवाच्या गौरवासाठी करा' हे वचन भिंतीवर लावलं जातं, पण ते आलं आहे मूर्तींना अर्पण होऊन बाजारात आलेल्या मांसाच्या वादात: मला मोकळीक आहे, पण समोरच्याचा विवेक दुखावणार असेल तर मी सोडून देतो. गौरवाचा पहिला हिशोब तिथे, जेवणाच्या ताटाशी झाला. तसंच योहान 17:4 मध्ये येशू म्हणतो की दिलेलं काम पुरं करून मी तुझं गौरव केलं. म्हणून वेळेवर संपवलेलं काम, खरं लिहिलेलं बिल, न पाहता येणाऱ्या जागीही नीट घातलेला टाका, हे सगळं गौरवात येतं.

मत्तय 5:16 म्हणतं तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, आणि 6:1 म्हणतं लोकांनी पाहावं म्हणून करू नका. गोंधळून जाऊ नका. काम दिसण्याला हरकत नाही, पाहणाऱ्याची नजर कुठे थांबावी असं तुम्हाला वाटतं हा प्रश्न आहे. यासाठी आठवड्यातून एक चांगलं काम असं करा की ते कोणालाही, मंडळीत साक्ष देतानासुद्धा, सांगायचं नाही. न सांगता किती बेचैन होतं ते पाहा. कौतुक झालं तर 'मी काहीच केलं नाही' असं खोटं बोलू नका. 'धन्यवाद' म्हणा, ज्यांनी मदत केली त्यांची नावं घ्या, आणि एकांतात ते कौतुक देवाला परत द्या.

मन कोरडं असेल त्या दिवशीही वहीतलं वाक्य करा. येशूचा शिष्य पेत्र हा कोळी रात्रभर मासे धरण्याचे कष्ट करून रिकामा आला होता, तरी लूक 5:5 मध्ये म्हणतो, 'तुझ्या सांगण्यावरून जाळी सोडतो.' त्याला उत्साह होता असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. एखादा दिवस चुकला तर मागचे पाठ भरून काढत बसू नका, त्या दिवशीचं उचला. मात्र एकच पाप महिनाभर वहीत पुन्हापुन्हा येत असेल तर एकट्याने लढू नका. मंडळीतली (चर्चमधली), तुमच्याच लिंगाची, तोंड बंद ठेवणारी एक प्रौढ व्यक्ती निवडा, आठवड्यातून अर्धा तास ठरवा आणि तिला फक्त दोन प्रश्न विचारायला सांगा: या आठवड्यात प्रभूने काय करायला सांगितलं? आणि ते केलं का?