पहिला गिऱ्हाईक म्हणजे घर विकलं नव्हे

भाऊ, "घर खूप आवडलं, उद्या येतो" म्हणणारा परत येतच नाही, याची सवय करून घ्या. नागपुरातल्या मानेवाड्याचं आमचं घर विकताना असे अकरा जण आले. एकाच्या भरवशावर तर आम्ही सामानही बांधायला घेतलं होतं! इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, हातात पडेपर्यंत पेढे वाटू नका.

पितृपक्षात फोन वाजणार नाही. घाबरून भाव पाडू नका, दसऱ्यापासून हालचाल सुरू होते. मे महिन्यात घर दाखवायचं तर सकाळी आठलाच. पंचेचाळीस अंशांत दुपारी वरच्या मजल्यावर नेलेला माणूस जिना उतरतानाच नाही म्हणतो.

खरा मनस्ताप कागदांचा. सौदा ठरतो आणि बँकेचा वकील एका कागदावर अडतो. म्हणून आखीव पत्रिका (मालमत्तेचा सरकारी उतारा), मंजूर नकाशा, मनपाच्या कराची पावती आणि जुन्या ले-आउटमधलं घर असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आधीच काढून ठेवा. आमचं आरएल सापडेना, त्यात दोन महिने गेले. बायको बोलायची बंद झाली होती, ते वेगळंच.

इसार चेकनेच घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस (तुमच्या नावाने सरकारकडे भरायचा कर) कापतो, तो फसवत नाहीये.

आणि गिऱ्हाइकाला घर दाखवायच्या वेळी आईला शेजाऱ्यांकडे बसवा. लोक तिच्यासमोर भिंतींना नावं ठेवतात.