लघवीत फेस, क्रीममध्ये पारा : किडनीबद्दल वाचकांचे प्रश्न

आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गैरसमज आहे : क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठणठणीत. तसं नसतं. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. आपली प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटली की आधी लघवीतून प्रोटीन किंवा रक्त जायला लागतं. क्रिएटिनिन वाढतं ते पुष्कळदा फार उशिरा.

प्रश्न : लघवीला फेस येतो. क्रिएटिनिन ०.९, सोनोग्राफीही चांगली. तरी फॅमिली डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या तज्ज्ञाकडे) पाठवतात. जायलाच हवं का?

हो. फेस हे प्रोटीन जात असल्याचं लक्षण असू शकतं. जाताना सकाळच्या लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून न्या आणि बीपी मोजून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या लघवीतून प्रोटीन जातं. भरपाई म्हणून प्रोटीन पावडर सुरू करू का?

नको. जास्तीच्या प्रोटीनचा ताण त्याच गाळण्यांवर पडतो. डाळ किती, अंडी किती, हे त्यांचे रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञ सांगतील.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंगाला सूज येणारा आजार) आहे. दहा दिवसांत सूज उतरली. स्टिरॉइडने किडनी खराब होते असं शेजारचे म्हणतात. गोळ्या थांबवू का?

अजिबात नाही. पहिल्या खेपेला आपल्याकडे साधारण सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड, असा कोर्स देतात. मध्येच तोडला तर आजार उलटतो, शिवाय एकदम थांबवणं मुलाच्या जिवाला धोक्याचं असतं. गाळणीच्या पेशींमधली फट नेफ्रिन नावाच्या प्रोटीनने विणलेली असते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, आजार उफाळलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न घेणाऱ्या अशा मुलांपैकी ९० टक्के मुलांच्या रक्तात याच नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने हल्ल्यासाठी बनवलेली प्रोटीनं, सापडल्या. स्टिरॉइड देतात ते ही प्रतिकारशक्ती आवरायला. ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणतीही लस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वय २६. पाय सुजले, बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी निघाली. ‘पीएलए२आर निगेटिव्ह, नेल-१ पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. डॉक्टर सारखे गोरेपणाच्या क्रीमबद्दल विचारतात. क्रीम चेहऱ्याला लावते, त्याचा किडनीशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तुमचे डॉक्टर अगदी योग्य तेच विचारत आहेत.

या आजारात अँटिबॉडी गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला साचतात आणि प्रोटीन गळायला लागतं. त्यातल्या साधारण ७० टक्के रुग्णांत निशाणा असतो पीएलए२आर हे प्रोटीन. हे २००९ मध्ये कळलं. नेल-१ हा नंतर सापडलेला दुसरा निशाणा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांना अशा रुग्णांत पारा असलेली पारंपरिक औषधं घेणारे बरेच जण आढळले. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून गोरेपणाच्या क्रीमची प्रकरणं पुढे आली. आपल्याकडे अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडनीवर अशाच क्रीमनंतर परिणाम झाला होता.

पारा कातडीतून रक्तात उतरतो. आपल्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण पार्लरमध्ये बिनालेबलच्या पांढऱ्या डबीतून जे विकलं जातं, ते कोण मोजतो? घटकांची यादी नाही, लायसन्स नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, आणि वर ‘सात दिवसांत उजळ’! याची मला मनापासून चीड आहे, कारण वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट मुली पाय सुजवून येतात आणि क्रीमबद्दल तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून दिलेल्या बिननावाच्या भस्माच्या पुड्यांनाही हेच लागू.

क्रीम आजच बंद करा. डबी फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांना दाखवा. रक्त आणि लघवीतला पारा तपासून घ्या. तेच क्रीम किंवा तुमचा टॉवेल वापरणाऱ्या घरातल्यांचीही लघवी तपासा. या क्रीममध्ये स्टिरॉइडही असू शकतं, तेव्हा बंद केल्यावर चेहरा लाल झाला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, पुन्हा डबीकडे नको. पारा थांबल्यावर अशा बहुतेकांचा आजार जड औषधांशिवाय हळूहळू आटोक्यात येतो, पण ते ठरवणार तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट. नेल-१ कधी कधी कॅन्सरसोबतही दिसतं, म्हणून ते आणखी तपासण्या सांगतील, टाळू नका. एकाच पायाची सूज वाढली किंवा दम लागला तर गुठळीची शंका धरून लगेच कॅज्युअल्टीत जा.

प्रश्न : बायोप्सीने किडनी निकामी होते का?

नाही. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

प्रश्न : सर्दी-घसा झाला, दुसऱ्याच दिवशी भावाची लघवी कोकाकोलासारखी झाली. आठवड्यात साफ झाली. आता काही करायचं का?

करायचं. घशाच्या संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांनी असं झालं तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूनंतरचा नेफ्रायटिस (किडनीचा दाह) असू शकतो. एक-दोन दिवसांतच झालं तर आयजीए नेफ्रोपॅथीचा (गाळण्यांत आयजीए नावाची अँटिबॉडी साचते त्या आजाराचा) विचार करावा लागतो. पॅरिसच्या बर्जे आणि अँग्ले यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेला हा आजार रंग साफ झाल्यावरही आतल्या आत चालू राहतो. लघवीची मायक्रोस्कोपी, प्रोटीन, बीपी आणि क्रिएटिनिन या आठवड्यातच करा आणि रिपोर्ट घेऊन नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा. पुढच्या सर्दीची वाट बघू नका.