चौदाव्या किलोमीटरला मन म्हणतं, ‘बस कर’

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे, वय ३९. वर्षभर पळतेय, यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) नाव दिलंय. रविवारच्या लाँग रनला तेरा-चौदा किलोमीटरला दरवेळी मन म्हणतं बस कर, आणि मी चालायला लागते. घरचे म्हणतात पॉझिटिव्ह विचार कर. याचा खरंच काही उपयोग असतो का, की हे सगळं व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी एक विचारू का? सकाळी नुसत्या चहावर निघता ना? बहुतेकींचं हेच असतं, तसं असेल तर चौदाव्या किलोमीटरला मन नाही, पोट बोलतंय. निघायच्या आधी एक केळं, सोबत पाणी, आणि पहिले पाच किलोमीटर शेजारचीशी गप्पा मारता येतील इतक्याच स्पीडने. हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या. हे सगळं ठीक असूनही गाडी तिथेच अडली तर मग मनाकडे वळू.

मनाचा उपयोग होतो, पण ‘सगळं छान होणारे’ असं घोकून नाही. २०१४ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला होता, २४ जणांना अगदी दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली, त्यातल्या निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी काय बोलायचं ते शिकवलं आणि पुन्हा सायकलवर बसवलं. लोड तेवढाच, पण शिकलेले लोक साधारण १८ टक्के जास्त वेळ टिकले, कारण तीच मेहनत त्यांना कमी वाटत होती. पाय तेच होते हो!

आता तुमचा रूट. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जायचं आणि तसंच मागे उतरायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रत्येक वळणाला वाटायचं की हे शेवटचं, आणि वळलं की पुढे परत चढ, पावसाने बूट जड झालेले, सहाव्या किलोमीटरलाच माझी सगळी पॉझिटिव्हिटी संपली. दुसऱ्या वर्षी एकच वाक्य घेऊन गेलो, ‘चढ आहे, पळ बारीक’. पावलं छोटी, नजर पुढच्या दगडापर्यंत. हे वाक्य महिनाभर अजिंक्यताऱ्याच्या चढावर घोटलं होतं, रेसच्या दिवशी नवीन काढलेलं वाक्य ऐन वेळी आठवतच नाही.

तुम्हीही शनिवारी रात्री कागदावर लिहा, ‘चौदाला बस कर वाटलं तर मी पुढच्या खांबापर्यंत जाणार, मग ठरवणार’. वाक्य आपल्या बोलीतलं हवं, इंग्रजी कोट नको, घाटात तो कुणाला सुचतोय! आणि हसून बघा. केनियाचा धावपटू किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला, तो दमला की मुद्दाम हसतो. लोकांनी बघितलं तर बघू दे.

एक मात्र सांगतो. मी एकदा नडगीचं दुखणं ‘मनाचे खेळ’ म्हणून तीन आठवडे रेटलं, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, निघालं आणि दोन महिने घरी बसलो, बायकोचं काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. दम लागणं, मांड्या भरून येणं, कंटाळा, याच्याशी बोला. एकाच जागी टोचतंय, पाऊल टेकवलं की कळ जातेय, तर तिथेच थांबा आणि रिक्षा करा.

कुठलं वाक्य निवडलंत ते मात्र कळवा.