माउंटन बाइकचे कॅरिअर : भार आसाजवळच उतरायला हवा

प्रश्न : माझ्याकडे पुढे सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली माउंटन बाइक आहे. दिवाळीनंतर कुंभार्ली घाट उतरून कोकणच्या किनाऱ्याने गोव्यापर्यंत जाण्याचा बेत असून बरोबर साधारण १२ किलो सामान असेल. दुकानदार सांगतात की डिस्क ब्रेकमुळे या सायकलला पायांचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी मागच्या आसाजवळ टेकणारे कॅरिअर बसणार नाही, सीटच्या दांड्याला आवळायचे घ्या. ते चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्या सामानासाठी ते घेऊ नये. सीटच्या दांड्यावरच्या कॅरिअरची क्षमता सहसा १० किलोच्या आसपासच असते. शिवाय सगळा भार एकाच पकडीवर लोंबत असल्यामुळे खराब रस्त्यावर ते दांड्याभोवती हळूहळू फिरू लागते. पायांच्या कॅरिअरमध्ये मात्र वजन दोन्ही पायांतून थेट मागच्या आसाजवळ फ्रेमवर उतरते आणि सीटपाशी जोडलेल्या वरच्या दोन पट्ट्यांचे काम मुख्यतः कॅरिअर मागे-पुढे कलंडू न देण्याचे असते. अशा कॅरिअरवर बहुधा २५ किलोची मर्यादा छापलेली आढळते, आणि तुमचे सामान तिच्या निम्म्यावरही जात नाही.

डिस्क ब्रेकची अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. आधी मागच्या आसाजवळ फ्रेमला आटे पाडलेली छिद्रे आहेत का ते पाहावे. पुष्कळ माउंटन बाइकना ती असतात. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) डाव्या बाजूला बाहेर आलेला असेल, तर डिस्क ब्रेकसाठी बनवलेले, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवलेले कॅरिअर घ्यावे. मध्ये स्पेसर (अंतर राखणारी छोटी नळी) घालून लांब बोल्टने साधे कॅरिअर बसवता येते, पण बोल्ट जितका लांब तितका त्याच्यावर वाकवणारा ताण जास्त, म्हणून मी पहिलाच पर्याय सुचवेन. वरच्या पट्ट्यांसाठी सीटपाशी छिद्रे नसतील, तर सीटच्या दांड्याभोवतीचा क्लॅम्प बदलून कॅरिअरसाठी छिद्रे असलेला क्लॅम्प बसवावा. मात्र जुन्या क्लॅम्पचा व्यास आधी मोजून घ्यावा.

बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी चावी) लागते. नव्या फ्रेमच्या आट्यांत पुष्कळदा रंग साचलेला असतो. अशा वेळी जोर लावून बोल्ट घुसवल्यास ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात, म्हणून त्याच मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून ते साफ करून घ्यावेत आणि पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. उजव्या बाजूच्या बोल्टचे टोक आतून डोकावत नाही ना, हे चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणून पाहावे. दोन मिलिमीटरही पुढे आलेले टोक चेनला घासू शकते. सगळे बोल्ट घट्ट करण्यापूर्वी कॅरिअरची वरची बाजू जमिनीला समांतर करावी, मग आट्यांना निळे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून आवळावे. घाट उतरून चिपळूणला पोचलात की सगळे बोल्ट पुन्हा तपासा, कारण नवी जोडणी पहिल्याच प्रवासात थोडीफार सैल होते.

माउंटन बाइकचे मागचे चाक पेडलच्या जवळ असते, त्यामुळे पिशव्या बाजूला लावल्यावर टाच त्यांना अडू शकते. सीटवर बसून, रोजचेच बूट घालून पेडल उलटे फिरवून पाहा आणि अडत असेल, तर टाच सुटेल तेवढ्याच पिशव्या मागे सरकवा. त्या आसाच्या फार मागे गेल्या, तर खाडीवरून वर येणाऱ्या उभ्या चढांवर पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगू लागते. जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवाव्यात. इलॅस्टिकच्या पट्ट्याचे सुटे टोक कधीही लोंबते ठेवू नये; ते स्पोकमध्ये अडकले तर मागचे चाक जागीच थांबते.

प्रश्न : मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलला हेच कॅरिअर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्या सायकलमध्ये मागचा भाग सीटच्या नळीपासून वेगळा हलतो, त्यामुळे खाली आसाजवळ आणि वर सीटपाशी जोडलेले कॅरिअर प्रत्येक खड्ड्याला ओढले जाऊन शेवटी तुटते किंवा फ्रेमला इजा करते. दोन्ही टोके मागच्या हलत्या भागावरच बसतील असे खास कॅरिअर घ्यावे, आणि तेही सायकलच्या निर्मात्याने त्या भागावर भार टाकण्यास परवानगी दिली असेल तरच.