दिलेली अक्षरं असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: सी, जी, एच, एम, पी, टी आणि वाय ही सातही अक्षरं ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द हवाय, सोबत बाकीची कुठलीही अक्षरं आली तरी चालतील. तो डोक्याने सापडेल की कॉम्प्युटरच लागेल?

डोक्याने सापडतो. कॉम्प्युटरकडे नंतर येऊ.

आपण काय करतो, सात अक्षरं कागदावर मांडतो आणि त्यांच्याकडे बघत बसतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. त्यातून पाच-सहा अक्षरांचे शब्द सुचतात, लांब काही सुचत नाही. लांब इंग्रजी शब्द हा तुकडे जोडून केलेला असतो: पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय, मध्ये ग्रीक नाहीतर लॅटिनमधलं काहीतरी. मराठीच्या तासाला उपसर्ग-प्रत्यय घोकले होते ना, तेच इथे कामाला येतं. आधी शब्दाचं शेपूट पकडायचं.

तुमच्याच अक्षरांत बघा. वाय हे अक्षर शब्दाच्या शेवटी बसायला सोकावलेलं. एच बरेचदा पी, टी, सी, एस यांच्यापैकी कुणाचा तरी हात धरून येतं. पी-एच आणि शेवटी वाय म्हटलं की ‘फी’ ऐकू येतं, त्यात जी हाताशी आहे म्हटल्यावर ‘ग्राफी’. चार अक्षरं एका फटक्यात खपली. उरली सी, एम आणि टी.

आता ग्राफीच्या आधी काय काय लागतं ते तोंडाने म्हणत जायचं, हो, मोठ्याने. जिऑग्राफी? तिन्हीतलं एकही नाही. फोटोग्राफी? टी आहे, सी आणि एम नाहीत. सिनेमॅटोग्राफी? तिन्ही आहेत, १४ अक्षरं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना क्रोमॅटोग्राफी आठवेल, तीही १४. फोटो आणि ग्राफीच्या मध्ये ‘मायक्रो’ घुसवलं की फोटोमायक्रोग्राफी, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो: १६.

दुसरा १६ अक्षरी शब्द मला दवाखान्यात भेटला. आईच्या हाताला मुंग्या यायच्या म्हणून डॉक्टरांनी ईएमजी, म्हणजे स्नायूंमधल्या विद्युत हालचालीची तपासणी, करायला सांगितली. रिपोर्टच्या माथ्यावर पूर्ण नाव छापलेलं होतं, इलेक्ट्रोमायोग्राफी. बाहेर बाकावर बसून मी बोटांवर अक्षरं मोजत होतो. आईला वाटलं, मी बिलाचा हिशेब करतोय.

आणि एकदा दवाखान्यात शिरलात की ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, आलीच. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी, तब्बल २२ अक्षरं: इलेक्ट्रो ७, एन्सेफॅलो ९, ग्राफी ६. पण घोळ असा की तिच्यात एम नाही. आता ‘इलेक्ट्रो’ काढा आणि त्या जागी ‘मॅग्नेटो’ बसवा. तोही तुकडा सात अक्षरांचाच, पण एम घेऊन येतो. टी दोघांतही आहे, सी मधल्या एन्सेफॅलोत बसलेली आहेच. मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी: २२ अक्षरं, तुमची सातही हजर, आणि शब्द खराखुरा. मेंदूतल्या विद्युतप्रवाहामुळे तयार होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजण्याची ही पद्धत.

शेवटच्या वायच्या जागी ‘इकली’ जोडून आणखी पाच अक्षरं वाढवता येतात. सिनेमॅटोग्राफिकली केलं तर १४ चे १९ होतात. चालतं, पण मला ते वरणात पाणी वाढवल्यासारखं वाटतं.

शेपटाची युक्ती सगळीकडे लागू पडत नाही. डर्मॅटोग्लिफिक्स या शब्दातही तुमची सातही अक्षरं आहेत, पण वाय मध्येच लपलेलं, त्यामुळे तो ग्राफीच्या वाटेवर भेटत नाही. १५ अक्षरं आणि एकही पुन्हा आलेलं नाही, म्हणून शब्दवेड्यांचा हा लाडका. अर्थ: बोटांच्या आणि तळव्यांच्या रेषांचा अभ्यास. (मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन ‘याला इंजिनीअर करा’ सांगणारे लोक हाच शब्द माहितीपत्रकावर छापतात. शब्द छान आहे, पैसे देऊ नका.)

कुणीतरी तुम्हाला ते ४५ अक्षरी फुप्फुसाच्या आजाराचं नाव सुचवेलच, न्यूमोनोअल्ट्रा वगैरे. अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी १९३५ च्या सुमारास तो मुद्दाम लांब रचला. तुमच्या काही कामाचा नाही: त्यात जी नाही, एच नाही, वायही नाही.

आता कॉम्प्युटर. शब्दांची एक साधी यादी लागते, एका ओळीत एक शब्द. मॅकवर ती आयती असते, साधारण २ लाख ३५ हजार शब्दांची. तिला ग्रेप नावाची आज्ञा लावायची: आधी सी असलेले शब्द गाळून घ्यायचे, ते पाइपने (एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेला देणारी उभी रेघ) पुढच्या ग्रेपकडे द्यायचे, तिने जी असलेले ठेवायचे, असं सात वेळा. शेवटी लांबीप्रमाणे लावायचे. पिठाची चाळणी सात वेळा बदलावी तसं. एक्सेलमध्ये करायचं तर प्रत्येक अक्षराला एक कॉलम, त्यात सर्चचं सूत्र, आणि शेवटच्या कॉलममध्ये लेन, म्हणजे अक्षरं मोजणारं सूत्र. एक सांभाळा: ‘दोन एस हवेत’ अशी अट असेल तर एसची चाळणी दोनदा लावून उपयोग नाही, एक एस असलेला शब्द दोन्हीतून आरामात निघून जातो. तिथे ‘एस, मग काहीही, मग पुन्हा एस’ असा नमुना द्यावा लागतो.

फक्त दिलेल्याच अक्षरांतून शब्द करायचा असेल, स्क्रॅबलसारखा, तर तो खेळच वेगळा. तिथे यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून जुळवतात.

आणि हो, मॅकच्या त्या यादीत मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी शोधत बसू नका. ती यादी वेबस्टरच्या १९३४ च्या कोशातून घेतलेली आहे, आणि मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा मोजलं गेलं १९६८ मध्ये.