'ग्रिटी' फॅन्टसी कादंबऱ्यांत दाखवतात तितकं मध्ययुगातलं आयुष्य खरंच क्रूर होतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: हल्लीच्या मोठ्यांसाठीच्या फॅन्टसीत पानोपानी मुंडकी उडतात, बायकांवर अत्याचार होतात, सगळे चिखलात लोळत असतात. कुणी नाक मुरडलं तर चाहते म्हणतात, "मध्ययुग असंच होतं, हे वास्तव आहे." ते खरं आहे का? आणि तुम्ही स्वतः मराठीत अशी कादंबरी लिहायला घेतली आहे, तर त्यात किती रक्त सांडावं?

आयुष्य कठीण होतं, यात वाद नाही. काही बाबतींत या कादंबऱ्यांपेक्षाही कठीण होतं. पण कादंबऱ्या जिथे बघतात तिथे नाही. त्यांची नजर तलवारीच्या टोकावर खिळलेली असते, आणि लोक मरत होते ओल्या दुष्काळाने, साथीने आणि हगवणीने. मी इंग्लंडपुरतं बोलतो, कारण या कादंबऱ्यांतली बहुतेक काल्पनिक राज्यं म्हणजे नाव बदललेलं इंग्लंडच असतं, आणि तिथल्या लोकांनी कागदपत्रंही हेवा वाटावा इतकी जपून ठेवली आहेत.

आधी धान्याचा हिशेब. चौदाव्या शतकात तिथे एक पोतं गहू पेरला की बऱ्या वर्षी साधारण चार पोती हाती यायची. त्यातलं एक पुढच्या पेरणीसाठी बाजूला. मग चर्चचा दशमांश, जहागीरदाराचं देणं, दळणाचा वाटा. उरेल त्यावर घर वर्षभर चालवायचं. आता पीक निम्म्यावर आलं असं धरा. चाराची दोन पोती झाली, बियाणं काढून ठेवल्यावर हातात राहिलं एक. म्हणजे पीक निम्मं झालं तर खायचं धान्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. आणि त्यातूनही बियाणं खाल्लं, तर पुढचं वर्ष आजच संपलं. नव्या सुगीच्या आधीचे उन्हाळ्याचे आठवडे, जुनं धान्य सरलेलं आणि नवं अजून हिरवं, हे दर वर्षीचं संकट होतं. एवढ्या कादंबऱ्या वाचल्या, पण या आठवड्यांवर बेतलेलं एक प्रकरण मला अजून सापडलेलं नाही.

१३१५ साली पाऊस लागला तो थांबेचना. उभं पीक कुजलं, गवत वाळेना म्हणून गुरांना वैरण नाही, आणि समुद्राचं पाणी आटवता येईना म्हणून मीठही महागलं. मीठ नाही म्हणजे मांस-मासळी टिकवायची सोय गेली. त्या ऑगस्टमध्ये राजा दुसरा एडवर्ड सेंट ऑल्बन्स या गावी मुक्कामाला होता, तेव्हा खुद्द त्याच्या लवाजम्याला पाव मिळणं मुश्कील झालं, असं तिथल्या बखरकाराने नोंदवलंय. पुढची दोन वर्षंही तशीच गेली. इंग्लंडमधली दहातली एक व्यक्ती तरी त्यात गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग १३१९ पासून गुरांवर रोग आला आणि नांगराचे बैल मेले. या सगळ्यात एकाही खलनायकाची गरज पडली नाही.

आपल्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आहे. तिचा नायक तलवार उपसत नाही, बादशहाच्या कोठाराचं कुलूप काढतो. ग्रिटी म्हणवणाऱ्या फॅन्टसीत असा नायक मला फारसा भेटलेला नाही.

आता माणसांनी माणसांशी केलेला क्रूरपणा. इथे मी सेंट ऑल्बन्सलाच थांबतो, कारण त्या एका गावात कादंबरीकाराला लागणारं सगळं आहे.

तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मोठा मठ होता आणि गावाचा मालकही तोच. गावकऱ्यांनी धान्य मठाच्याच गिरणीवर दळायचं आणि त्यातला वाटा मठाला द्यायचा, असा नियम. गावकरी घरी जात्यावर दळायचे. दळणाचा वाटा वाचायचा, आणि मठाचं उत्पन्न बुडायचं. यावरून पिढ्यान् पिढ्या भांडण चाललं होतं. १३२७ मध्ये रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड मठाधिपती झाला. हा लोहाराचा मुलगा. लहानपणी पोरका झाला, एका मठप्रमुखाने वाढवला, ऑक्सफर्डला शिकला, आणि त्या काळातल्या युरोपातल्या उत्तम गणितज्ञांमध्ये त्याची गणना होते. त्याने मठासाठी एक यांत्रिक घड्याळ रचलं, जे चंद्राच्या कला, ग्रहणं आणि लंडन ब्रिजपाशी येणाऱ्या भरतीच्या वेळाही दाखवायचं. चर्चची इमारत मोडकळीला आली असताना घड्याळावर एवढा खर्च कशाला, असं राजा तिसऱ्या एडवर्डने त्याला विचारलं. त्याचं उत्तर असं होतं की इमारत दुरुस्त करणारे माझ्यामागून पुष्कळ येतील, हे घड्याळ पुरं करणारा कुणी येणार नाही. त्याला महारोग झाला होता. त्या दुखण्यातच तो कारभार बघत राहिला आणि १३३६ मध्ये गेला.

याच माणसाने गावकऱ्यांची जाती जप्त केली. नुसती जप्त करून कोठीत टाकली नाहीत. मठातल्या बैठकीच्या दालनात त्यांची फरशी घातली. घरच्या बाईच्या हाताखालचा दगड आता साधूंच्या पायाखाली.

पन्नास वर्षं ती फरशी तशीच होती. दरम्यान १३४८-४९ ची प्लेग येऊन गेली. देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं मेली. मजूर मिळेना, मजुरी चढली, तेव्हा संसदेने १३५१ मध्ये कायदा केला की प्लेगच्या आधी मिळत होती तेवढीच मजुरी घ्यायची, जास्त मागणारा गुन्हेगार. मग फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी चार वर्षांत तीनदा डोईपट्टी. तिसरी दरडोई एक शिलिंग होती, आणि ती श्रीमंतापेक्षा गरिबालाच जास्त जड जात होती. जून १३८१ मध्ये लोक उठले. सेंट ऑल्बन्सचे गावकरी मठात घुसले, त्यांनी ती जात्यांची फरशी उखडली, दगड फोडले आणि रविवारी चर्चमध्ये पवित्र पाव वाटतात तसे त्याचे तुकडे प्रसाद म्हणून आपसांत वाटून घेतले.

हे मठाच्याच बखरकाराने लिहून ठेवलंय, आणि तो गावकऱ्यांचा वैरी होता. मला वाटतं, कुठल्याही युद्धप्रसंगापेक्षा या प्रसंगात जास्त जोर आहे.

उठाव महिन्याभरात चिरडला गेला. गावच्या पुढाऱ्याचं नाव विल्यम ग्रिंडकॉब. गावकऱ्यांना शरण यायला समजावून सांग, म्हणून त्याला जामिनावर सोडलं होतं. त्याने त्यांना उलट सांगितलं की माझ्या जिवासाठी मागे हटू नका. त्याला फाशी झाली. उठावातला प्रसिद्ध पाद्री जॉन बॉल यालाही १५ जुलैला इथेच हालहाल करून मारलं. फासावर लटकलेले देह काही दिवसांनी गावकऱ्यांनी गुपचूप उतरवून पुरले, तर राजाचा हुकूम आला: शोधून काढा आणि तुमच्याच हातांनी साखळदंडांनी पुन्हा टांगा. त्यांना ते करावं लागलं.

आता सांगा, ग्रिटी फॅन्टसीवाल्याने हे कसं लिहिलं असतं? मठाधिपती विकृत, त्याच्या तळघरात यातनागृह, गावात आठवड्याला एक कत्तल. खरा मठाधिपती त्या भागातला कदाचित सर्वांत बुद्धिमान माणूस होता, आजारी होता, आणि आपण न्यायाने वागतोय अशी त्याची खात्री होती. त्याच्या हातात कागद होते, गिरणीचा हक्क होता, कोर्ट होतं. तळघराची त्याला गरजच नव्हती.

हेच बायकांवरच्या अत्याचारांबद्दल. लग्नाची पहिली रात्र जहागीरदाराची, हा या कथांमधला आवडता प्रसंग. असा कायदा मध्ययुगीन युरोपात होता याचा भरवशाचा पुरावा नाही. होतं ते असं: बांधील कुळाच्या मुलीचं लग्न करायचं तर जहागीरदाराला परवानगीचे पैसे मोजा. लग्नाविना संबंध उघड झाला तर तिने दंड भरा. आणि बाप मेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराच्या गोठ्यात. ज्या आठवड्यात घरचा माणूस गेला त्याच आठवड्यात गाय गेली. याच्या नोंदी जहागिरीच्या कोर्टाच्या गुंडाळ्यांमध्ये रकमेसकट सापडतात. लैंगिक हिंसा होत नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही. १२८५ च्या कायद्याने बलात्काराला देहदंड ठरवला होता, आणि प्रत्यक्षात शिक्षा क्वचित व्हायची. पण गुन्हा तो गुन्हाच समजला जात होता.

म्हणूनच "त्या काळी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं" हे वाक्य ऐकलं की मला मार्गारेट बोफर्ट आठवते. तेराव्या वर्षी, १४५७ च्या जानेवारीत, तिला मुलगा झाला. तोपर्यंत नवरा वारला होता. पुढे दोन लग्नं करूनही तिला मूल झालं नाही. तो मुलगा म्हणजे राजा सातवा हेन्री. चाळीस वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी लवकर लावून द्यायचं घाटत होतं, तेव्हा ही आजी आणि मुलीची आई दोघी आडव्या आल्या. पोरीला एवढ्यात पाठवलं तर तो राजा थांबणार नाही आणि तिच्या शरीराला इजा होईल, ही त्यांची भीती हेन्रीनेच एका परकीय राजदूताला सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे त्या बायकांना सगळं कळत होतं. आणि ही दरबारातली गोष्ट. गावातल्या साध्या मुली बहुधा विशीच्या आसपास लग्न करायच्या. चौदा वर्षांच्या नायिकेला पलंगावर ढकलणारा लेखक इतिहासाच्या आड लपतो, तेव्हा निवड त्याची असते, इतिहासाची नाही.

युद्धाचं थोडक्यात. इंग्लंडच्या यादवी युद्धातली टाउटनची लढाई, मार्च १४६१, बर्फाचं वादळ. १९९६ मध्ये तिथे एका खड्ड्यात पस्तीसहून अधिक सांगाडे मिळाले. कवट्यांवर एकामागून एक घाव, मेल्यावरही थांबलेले नाहीत असे. इथे फॅन्टसीवाले बरोबर आहेत. पण त्याच खड्ड्यातल्या पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसाचा जबडा कित्येक वर्षांपूर्वी फाटला होता आणि नीट भरून आला होता. म्हणजे कुणीतरी त्याला पातळ भरवलं होतं, जखम धुतली होती. पाचव्या हेन्रीचंही तसंच. सोळाव्या वर्षी श्रूजबरीच्या लढाईत बाण नाकाशेजारून सहा इंच आत घुसला. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्याने त्याच्यासाठी खास चिमटा घडवला, मध आणि वाइन वापरून जखम महिनाभराच्या आत बरी केली, आणि हे सगळं लिहून ठेवलं. हाच हेन्री १४२२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, बहुधा हगवणीने. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या आर्फ्लरच्या वेढ्यात त्याच्या सैन्याचा मोठा भाग त्याच दुखण्याने लोळवला होता. पडद्यावर कुणी शौचाला पळताना दाखवत नाही.

चिखल आणि मळकट कपडे हा तर निव्वळ कॅमेऱ्याचा षोक. मंजिष्ठा, निळीसारखं वोड, पिवळं वेल्ड या वनस्पतींचे रंग साध्या माणसांच्या अंगावरही असत. चर्चच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असत. आणि "तिशीत सगळे म्हातारे" हेही खोटं. सरासरी तिशीवर यायची ती लहानपणीच मरणाऱ्या मुलांमुळे. जो विशीपर्यंत पोचला तो पन्नाशी पाहण्याची बरीच शक्यता होती. खरं दुःख तिथेच आहे, त्या मुलांत. यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावाच्या दफनभूमीतले मुलांचे सांगाडे आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा पुष्कळ ठेंगणे आहेत. कॉरोनर हा अपमृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी इंग्लंडात ११९४ पासून आहे. त्याच्या नोंदींत पाणी काढताना विहिरीत पडलेल्या बायका सापडतात, उकळत्या भांड्याने भाजलेली पोरं आणि गाडीखाली आलेले गाडीवान सापडतात. तुम्ही एका प्रकरणात अशी एक चौकशी दाखवा, शेजारी साक्ष देताहेत, आई एका कोपऱ्यात. तलवार लागणार नाही.

तेव्हा किती रक्त घालावं, तर कथेला लागेल तेवढं, आणि त्याची जबाबदारी तुमची स्वतःची. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा तुमच्या राज्यातल्या एका घराचा वर्षाचा हिशेब मांडला असता: किती पेरलं, किती आलं, कुणी किती नेलं, कुठल्या महिन्यात कणगी रिकामी झाली. ड्रॅगन असेल तर खुशाल राहू द्या. फक्त तो रोज काय खातो, ते कुणाच्या गोठ्यातून येतं, आणि ज्याची गाय गेली त्याने तक्रार कुठल्या कोर्टात करायची, एवढं ठरवून ठेवा.